पोपटी खावी, पण नीट भाजून आणि बेताने

पौष महिना लागला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास कानावर पडतो. "डॉक्टर, शनिवारी वाडीवर पोपटी आहे. मला चालेल ना?" विचारणारा बहुधा मधुमेहाचा किंवा रक्तदाबाचा जुना रुग्ण असतो. सोबत त्याची पत्नी असते. डॉक्टरांनी "नाही" म्हणावे अशी तिची इच्छा, आणि "हो" म्हणावे अशी त्याची, हे दोघांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत असते. अशा वेळी मी बहुतेकांना "हो" म्हणतो, आणि मग पाच मिनिटे बसवून घेऊन काही गोष्टी समजावून सांगतो. त्याच गोष्टी आज या सदरात सविस्तर देत आहे.

आपल्या रायगड जिल्ह्यातील वाचकांना पोपटी म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. भाताची कापणी झाल्यावर त्याच शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरायचा, जानेवारी-फेब्रुवारीत शेंगा भरल्या की त्या मडक्यात घालून शेतातच भाजायच्या, ही अलिबाग, पेण, पनवेल, रोहा या भागातली जुनी रीत. पण हल्ली मुंबई-पुण्याहून शनिवार-रविवारी येणारी मंडळी, नवे जावई, मुलांचे मित्र, असे अनेकजण पहिल्यांदाच पोपटीला बसतात. शिवाय पूर्वी जे काम घरातला एखादा जाणता माणूस करी, ते आता कॉलेजातली मुले हौसेने करतात. हौस चांगलीच, पण जाणत्या माणसाच्या हातात जे होते ते त्यांना कुणीतरी सांगायला हवे.

ही कल्पना आपलीच एकट्यांची नाही. आपल्या शेजारी गुजरातेत वलसाड-नवसारीकडे वालपापडी आणि कंद मडक्यात घालून असाच उंबाडियु नावाचा पदार्थ करतात. सुप्रसिद्ध उंधियुचे नावही मडके 'उंधे', म्हणजे उपडे ठेवण्यावरूनच पडले आहे. घाटावर हुरडा, खानदेशात भरीत, तशी आपली पोपटी. हिवाळ्यात शेतात ताजे जे पिकते ते तिथल्या तिथे भाजून चारचौघांनी मिळून खावे, ही सगळीकडची एकच बुद्धी आहे.

मडक्यात नेमके काय घडते?

पोपटीला आपण 'भाजलेली' म्हणतो, पण खरे पाहता ती अर्धी भाजलेली आणि अर्धी वाफवलेली असते. मडक्यात पाण्याचा थेंबही घालत नाहीत. शेंगांत, वांग्यात, कांद्यात आणि भांबुर्ड्याच्या पाल्यात जे पाणी असते त्याचीच वाफ होते. तोंड पाल्याने गच्च बंद असल्यामुळे ती वाफ आत कोंडते आणि सर्व जिन्नस आपल्याच रसात शिजतात. जोपर्यंत आत ओल आहे तोपर्यंत तेथील उष्णता पाणी उकळण्याच्या उष्णतेच्या, म्हणजे १०० अंश सेल्सिअसच्या फारशी वर जात नाही. मडक्याच्या भिंतीला टेकलेल्या शेंगा मात्र याहून जास्त तापतात आणि त्यांना डाग पडतात. तो खरपूस वास तिथूनच येतो.

आरोग्याच्या दृष्टीने याचे दोन फायदे. पहिला, तेल लागत नाही. एका मोठ्या चमच्यात सुमारे १५ मिलिलिटर तेल मावते आणि त्यातून साधारण १२० कॅलरी मिळतात. घरी पाहुणे आले की आपण भजी, वडे, फरसाण यांच्या ताटल्या पुढे सरकवतो, त्यात किती चमचे तेल पोटात जाते याचा हिशोब कुणी ठेवत नाही. पोपटीत हा हिशोबच उद्भवत नाही. दुसरा फायदा असा, की भाजी उकळून पाणी फेकले की त्याबरोबर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे आणि क्षार निघून जातात. येथे फेकायला पाणीच नाही. 'क' जीवनसत्त्व उष्णतेने थोडेफार नष्ट होतेच. त्यासाठी वर लिंबू पिळावे. वालातले लोह शरीरात शोषले जाण्यासही लिंबाची मदत होते, आणि आपल्याकडच्या स्त्रियांत रक्त कमी असण्याचे प्रमाण पाहता ही फुकटची मदत सोडू नये.

वाल हे कडधान्य आहे. वाळलेल्या वालात दर शंभर ग्रॅमला २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात. ओल्या दाण्यात पाणी जास्त म्हणून हे प्रमाण बरेच कमी, पण तरीही इतर भाज्यांच्या मानाने चांगलेच. शिवाय तंतू भरपूर. आणखी एक गुण मला फार आवडतो. शेंग हाताने सोलून एकेक दाणा खावा लागतो. वाटीत चमचा घालून भराभर खाण्याची सोय नाही. गप्पा मारत, सोलत सोलत माणूस अर्धा तास खातो आणि पोट भरल्याचे त्याला वेळेवर कळते.

कच्चा वाल मात्र खाऊ नये. पोपटी लावताना गंमत म्हणून चार दाणे तोंडात टाकणारी मुले असतात. कच्च्या वालात पचनाला अडथळा करणारी आणि पोट बिघडवणारी काही द्रव्ये असतात, ती नीट शिजल्यावरच निष्प्रभ होतात. अर्धवट भाजलेल्या, दाताखाली करकरणाऱ्या शेंगाही बाजूलाच ठेवाव्यात.

लावण्याची पद्धत

आठ-दहा माणसांसाठी भरलेल्या वालाच्या शेंगा दोन किलो, लहान बटाटे एक किलो, रताळी अर्धा किलो, लहान काटेरी वांगी आणि लहान कांदे आठ-दहा, आणि खाणाऱ्यांसाठी तितकीच अंडी एवढे पुरते. ज्यात दहा-बारा लिटर पाणी मावेल असे साधे, बिनरंगाचे मातीचे मडके घ्यावे. सजावटीची रंगवलेली किंवा चकचकीत लेप दिलेली मडकी घेऊ नयेत. त्या रंगात शिशासारखे घातक धातू असू शकतात. मडके मिळाले नाही म्हणून काहीजण पत्र्याचा डबा वापरतात. खाद्यतेलाचा स्वच्छ डबा असेल तर एक वेळ ठीक, पण रंगाचा, ऑइलचा किंवा फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी वापरायचा नाही. हे लिहावे लागते, कारण असा डबा मी स्वतः एका वाडीवर मांडलेला पाहिला आहे. "साबणाने घासलाय, डॉक्टर," असे मला सांगण्यात आले. मी त्या दिवशी नुसते ताक पिऊन परत आलो.

भांबुर्ड्याचा पाला, ज्याला कुणी भामरूड म्हणतात, बांधावर सहज मिळतो. पण ज्या बांधावर तणनाशक मारले आहे तिथला घेऊ नये. शेतमालकाला विचारून घ्यावे आणि पाला धुऊन निथळून घ्यावा. शेंगाही धुवाव्यात. बटाटे, वांगी यांना चिरा देऊन त्यात ओले खोबरे, लसूण, आले, कोथिंबीर आणि हिरवी मिरची यांचे वाटण भरावे. हिरवे पडलेले किंवा कोंब आलेले बटाटे वगळावेत. त्यातले सोलॅनिन नावाचे द्रव्य भाजल्यानेही जात नाही.

मडक्याच्या तळाशी पाल्याचा जाड थर, त्यावर शेंगा, मग बटाटे-रताळी, पुन्हा शेंगा, मध्यभागी अंडी, वर वांगी-कांदे आणि शेंगा, असे भरत जावे. प्रत्येक थरावर ओवा आणि मीठ. शेवटी पाल्याने तोंड इतके घट्ट बंद करावे की मडके उपडे केले तरी काही हलता कामा नये. मग ते मोकळ्या जागी उपडे ठेवून भोवती सुका पेंढा, पातेरा, काटक्या, गोवऱ्या रचून जाळ करावा. साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो. मडक्यावर पाण्याचे दोन थेंब शिंपडले आणि 'चुर्र' होऊन तत्काळ उडून गेले, आणि भाजक्या पाल्याचा वास सुटला, की झाली अशी खूण जुनी माणसे सांगतात. शेंगांसाठी ही खूण पुरेशी आहे. कोंबडीसाठी नाही. ते पुढे सांगतो.

मिठाबद्दल एक शब्द. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी मीठ खावे. पोपटीत खडेमीठ मुठीने टाकतात. दहा माणसांच्या मडक्याला चहाचे चार सपाट चमचे भरपूर झाले. त्यातले बरेचसे शेंगांच्या सालीवरच राहते, हे खरे. पण सोलताना ते बोटाला लागते आणि बोटावाटे तोंडात जाते. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी निदान सोबतचे लोणचे, पापड, खारवलेली मिरची यांना त्या दिवशी हात लावू नये.

पोपटी मडक्यातून काढली की कशावर ओतायची? सूप, केळीची पाने, स्टीलची परात, काहीही चालेल. वर्तमानपत्राचा कागद चालणार नाही. छपाईची शाई गरम, ओलसर अन्नाला लागते आणि त्यातली रसायने पोटात जातात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ साली आणि पुन्हा २०२३ साली याविषयी लोकांना सावध केले आहे. वर्तमानपत्र वाचण्यासाठी आहे, हे वर्तमानपत्रातच लिहिताना मला संकोच वाटत नाही, आणि संपादकही रागावणार नाहीत असे वाटते.

कोंबडी घालणाऱ्यांसाठी

मूळ पोपटी शेंगांची. पण आता बहुतेक ठिकाणी मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून मध्ये ठेवतात. पोपटीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट्या, जुलाब, ताप घेऊन जे रुग्ण येतात त्यांना मी पहिला प्रश्न विचारतो, "कोंबडी होती का?" उत्तर बहुधा होकारार्थी येते.

कच्च्या कोंबडीत साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर असे जंतू असू शकतात. मांसाचा आतला भाग ७४ अंशांपर्यंत तापला की ते मरतात. अडचण अशी, की मडक्याच्या मध्यभागी, शेंगांच्या जाड थरांच्या आत असलेले पानात गुंडाळलेले मांस सगळ्यात शेवटी तापते. बाहेरच्या शेंगा झाल्या, वास सुटला, मंडळींना भूक लागली, म्हणून मडके उघडले जाते आणि तंगडीच्या हाडाजवळ मांस गुलाबी असते. अंधारात, शेकोटीच्या उजेडात ते दिसतही नाही. म्हणून तुकडे लहान करावेत, पुरचुंडी चपटी बांधावी, आणि खाण्यापूर्वी बॅटरीच्या उजेडात एक तुकडा सांध्याजवळ फोडून पाहावा. रस पाण्यासारखा स्वच्छ हवा, मांस हाडापासून सहज सुटायला हवे. लालसर रस दिसला तर संकोच न करता ती पुरचुंडी चुलीवरच्या पातेल्यात घालून झाकण ठेवून शिजवावी. चव कमी होणार नाही, पोट मात्र वाचेल.

दुसरे असे, की सकाळी मसाला लावलेली कोंबडी गाडीच्या डिकीत दिवसभर फिरवून रात्री भाजणे धोक्याचे आहे. कच्चे मांस साध्या हवेत दोन तासांहून अधिक काळ ठेवू नये. बर्फाच्या डब्यात न्यावे. ज्या ताटात कच्चे मांस होते त्याच ताटात भाजलेले काढू नये. हे शेवटचे वाक्य घरच्या बायकांना सांगावे लागत नाही, पण पोपटीला स्वयंपाकी पुरुष असतात!

माळकरी आणि शाकाहारी पाहुण्यांसाठी वेगळे लहान मडके लावावे. "अंडी एका कडेला आहेत, तुम्ही या बाजूच्या शेंगा खा," असे सांगणे बरे नव्हे. अंडीही पूर्ण घट्ट झालेली असावीत, विशेषतः गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांच्यासाठी.

मधुमेह्यांनी घड्याळाकडे पाहावे

आता ज्यांच्यासाठी मुख्यतः हा लेख लिहायला घेतला त्यांच्याकडे वळतो. मधुमेही माणूस पोपटीला घाबरतो तो बटाटा आणि रताळ्यामुळे. त्याचा उपाय सोपा आहे. आधी शेंगा खाव्यात, वांगे आणि कांदा खावा, अंडे किंवा कोंबडीचा तुकडा घ्यावा, आणि शेवटी एक लहान बटाटा किंवा बोटभर रताळे, दोन्ही नव्हे. त्या रात्री मग भाकरी-भात कमी करावा. एवढ्याने साखर फारशी वाढत नाही.

खरा धोका साखर वाढण्याचा नसून कमी होण्याचा आहे, आणि तो कुणाच्या ध्यानीमनीही नसतो. काही वर्षांपूर्वी साठीतले एक निवृत्त शिक्षक पुतण्याच्या वाडीवर पोपटीला गेले. शिस्तीचे गृहस्थ. रोज रात्री आठला इन्शुलिन आणि साडेआठला जेवण हा त्यांचा नेम. त्या दिवशीही त्यांनी आठच्या ठोक्याला इन्शुलिन घेतले. पण पेंढा दवाने ओला झाला होता, जाळ धरत नव्हता, पोपटी लांबत गेली. साडेनऊला त्यांना घाम फुटला. ते असंबद्ध बोलू लागले, पाय अडखळू लागले. तिथे काहीजणांच्या हातात ग्लास होते. त्यामुळे मास्तरांनीही आज थोडी घेतली, असे वाटून मंडळी हसली आणि त्यांना बाजेवर झोपवून आली! त्यांच्या सुनेला शंका आली म्हणून बरे. "आमचे अण्णा सुपारीसुद्धा खात नाहीत," असे म्हणत तिने गाडी काढायला लावली. माझ्याकडे आणले तेव्हा त्यांची साखर ३८ होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत त्यांनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "पोपटी झाली का?"

सगळे हसले, पण आणखी तासभर तसेच झोपून राहिले असते तर हसण्याजोगे काही उरले नसते. म्हणून इन्शुलिन घेणाऱ्यांनी आणि ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की जेवणाआधीचे औषध हे घड्याळाशी नव्हे, जेवणाशी बांधलेले असते. पोपटी मडक्यातून बाहेर आलेली डोळ्यांनी दिसेपर्यंत ते घेऊ नये. दिवसातून एकदाच घेण्याच्या लांब पल्ल्याच्या इन्शुलिनची गोष्ट वेगळी आहे, त्याविषयी आपल्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर सहसा अशी खाली जात नाही.

खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी असावी. घाम, थरथर, धडधड, एकाएकी भूक, चिडचिड किंवा बरळणे सुरू झाले आणि साखर ७० च्या खाली असेल, किंवा मोजायचे यंत्रच जवळ नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. १५ मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच. मग काहीतरी खायला द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. सरळ इस्पितळ गाठावे. गोळ्यांमुळे साखर उतरली असेल तर एकदा शुद्धीवर आलेला माणूस काही तासांनी पुन्हा घसरू शकतो, म्हणून त्याला रात्रभर एकटे ठेवू नये. आणि मद्य? रिकाम्या पोटी मद्य साखर आणखी खाली नेते आणि लक्षणेही झाकते. मधुमेह्याने पोपटीची वाट पाहताना ग्लास हातात घेणे म्हणजे दोन्ही बाजूंनी खड्डा खणणे आहे.

मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी उलटा नियम. भाजीतले क्षार पोपटीत टिकून राहतात असे मी वर कौतुकाने लिहिले. पण ज्यांना पोटॅशियम कमी खाण्यास सांगितले आहे त्यांना तेच अडचणीचे. बटाटा-रताळे त्यांनी टाळावे आणि शेंगाही चवीपुरत्याच घ्याव्यात.

"वालाने गॅस झाला"

वालात राफिनोज, स्टॅकिओज अशा शर्करा असतात. आपल्या लहान आतड्यात त्या पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जंतू त्यांवर ताव मारतात आणि वायू तयार होतो. ओव्याने पोटाला बरे वाटते हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे, आणि मी त्याच्या आड येत नाही. ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी खाऊन लगेच आडवे होऊ नये, दोन-तीन तास जाऊ द्यावेत.

पण छातीत दुखू लागले की "वाल बाधला" म्हणून ओवा चावत बसण्याची सवय जिवावर बेततेे. थंडीची रात्र, भरलेले पोट, त्यात कदाचित सिगारेट, आणि चाळिशी ओलांडलेला माणूस. हृदयविकाराचा झटका यायला हे निमित्त पुरते. छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, ते दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, गार घाम, दम लागणे, यांपैकी काही असेल तर तो गॅस समजू नये. मधुमेह्यांत आणि स्त्रियांत दुखणे फारसे नसतेही, नुसता घाम, मळमळ आणि थकवा असतो. ढेकर आल्याने बरे वाटले म्हणजे हृदय ठीक आहे असेही नाही. रुग्णाला चालवू नये, बसवावे, १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने ई.सी.जी. निघेल अशा जागी न्यावे. निष्पन्न गॅसच झाला तर डॉक्टर रागावत नाहीत.

जाळ, विंचू आणि दुसरी सकाळ

दमेकऱ्यांनी वाऱ्याच्या उलट दिशेला, धूर येणार नाही असे बसावे आणि फवाऱ्याचे औषध जवळ ठेवावे. जाळात प्लास्टिक, थर्माकोल, जुने टायर टाकू नयेत. ओला पेंढा पेटत नाही म्हणून वरून रॉकेल किंवा पेट्रोल तर मुळीच ओतू नये, ज्वाळा धारेवरून थेट हातापर्यंत येते. पेंढा आणि गोवऱ्या दुपारीच उन्हात पसरून ठेवल्या की हा प्रश्नच येत नाही. नायलॉनच्या साड्या, ओढण्या, मफलर जाळापासून दूर. कपड्याने पेट घेतलाच तर पळू नये. जमिनीवर लोळावे, इतरांनी जाड सुती चादर किंवा घोंगडी टाकून आग विझवावी. मडके उघडतानाही तोंड बाजूला करावे. पाला निघताच आतली वाफ जोराने बाहेर येते आणि तिने भाजलेले चेहरे मी पाहिले आहेत.

भाजले तर लगेच साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावे. घड्याळ लावून २० मिनिटे, दोन मिनिटे नव्हे. अंगठ्या, बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. टूथपेस्ट, शाई, हळद, तेल, बर्फ यांपैकी काहीही लावू नये. ते सगळे खरवडून काढण्यात आमचा वेळ जातो आणि रुग्णाचे हाल होतात. स्वच्छ सुती कापडाने सैल झाकून डॉक्टरांकडे आणावे. लहान मूल असेल, किंवा चेहरा, हात, सांधा भाजला असेल, तर घरगुती उपचार करत बसू नये.

काटक्या, दगड, जुनी गोवऱ्यांची रास उचलताना हातात बॅटरी आणि पायात बूट असावेत. त्याखाली विंचू-साप असतात. आपल्या कोकणातला लाल विंचू फार विषारी. त्याच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग होतो हे आपल्याच जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले, आणि त्यामुळे असंख्य मुले वाचली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण औषध रुग्णालयात आहे, मांत्रिकाकडे नाही. विंचू चावल्यावर नुसते दुखत असेल ते एक. खूप घाम, उलट्या, हातपाय गार पडणे, धाप लागणे अशी लक्षणे दिसली, विशेषतः लहान मुलांत, तर एक मिनिटही दवडू नये.

राहिली दुसरी सकाळ. रात्री मंडळी झोपायला जातात, जाळावर वाळू किंवा माती ढकलून देतात आणि विझला असे समजतात. मातीखाली निखारे तासन्‌तास धगधगत राहतात, वरून काही दिसत नाही. सकाळी मुले अनवाणी खेळायला जातात आणि पाय थेट आत जातो. दोन्ही तळवे भाजलेली अशी मुले दर मोसमात एक-दोन तरी येतात. तळव्याची जखम भरायला आठवडे लागतात. म्हणून वाळू नको, पाणीच हवे. मडके आधी काठीने आणि ओल्या गोणपाटाने बाजूला घ्यावे, ते तापलेले असताना त्यावर पाणी पडले तर फुटते. मग निखाऱ्यांवर दोन बादल्या पाणी ओतावे, काठीने ढवळावे, आणि वाफ येणे थांबेपर्यंत पुन्हा ओतावे. त्या जागेवर चार दगड मांडून ठेवावेत, म्हणजे सकाळी मुलांना ती ओळखता येते.